पगाराआधी 15 हजार लागायलेत, तीन ठिकाणी बघितलंय, कोणतं घ्यावं?

वाळूज_परभणीकर
19 जानेवारी, रात्री 9.40

नमस्कार मंडळी. मी मूळचा गंगाखेड तालुक्यातला, सध्या वाळूज एमआयडीसीत ठेकेदाराकडून कामाला आहे, कटून हातात 19,200 येतात. पगाराची तारीख कागदावर 7 आहे पण खरं म्हणजे 10 नाहीतर 11 ला पडतो.

गावाकडं परवा रातच्या लाईनला बोअरची मोटार जळाली. डीपीवर एक फेज कमी येत होता, स्टार्टरनं ट्रिप मारलीच नाही, आबा सकाळी आखाड्यावर गेले तवर जळका वास सुटलेला. मेकॅनिकनं मोटार वर काढून बघितली, वाइंडिंग, बुश, पंपाचे दोन इंपेलर आणि वरची केबल धरून 14 हजार सांगितले, काढायची-सोडायची मजुरी वेगळी, म्हणजे 15 धरा. गहू पोटरीत आहे, आता आठ-दहा दिवस पाणी तुटलं तर ओंबी काय भरणार हे शेती असणाऱ्याला सांगायला नको. आबांचं पीक कर्ज आधीच थकलेलं आहे त्यामुळं बँकेच्या दारात जायला ते तयार नाहीत.

मी तीन ठिकाणी बघितलं, नावं मुद्दाम लिहीत नाही.

पहिलं वेबसाइटवरून आहे, सॅलरी लोन म्हणतात. 15,000 मंजूर, 30 दिवस, रोज 0.75 टक्के व्याज, प्रोसेसिंग 10 टक्के अधिक जीएसटी. तीसाव्या दिवशी 18,375 एकदम कापून घेणार.

दुसरं ॲप आहे, 15,000 तीन महिन्यांसाठी, "फक्त 2.5 टक्के महिना" लिहिलंय, हप्ता 5,375 दर महिन्याच्या 5 तारखेला, पहिला हप्ता येत्या 5 फेब्रुवारीला. प्रोसेसिंग 600 अधिक जीएसटी आणि एक हेल्थ प्लान 299 चा आपोआप टिक झालेला दिसतोय.

तिसरं एका नंबरवरून व्हॉट्सॲपला लिंक आली, 0 टक्के व्याज, कागदपत्रं नाहीत, 5 मिनिटांत पैसे. इन्स्टॉल केल्यावर कॉन्टॅक्ट आणि गॅलरीची परवानगी मागायलंय, अजून दिलेली नाही.

आणि गावातले एकजण 5 टक्के महिन्यानं द्यायला तयार आहेत पण कोरा चेक मागतात.

मला तर दुसरं बरं वाटायलंय, 2.5 टक्के म्हणजे काही जास्त नाही ना? ज्यांनी घेतलंय त्यांनी खरं खरं सांगा. दुसऱ्या ॲपवर घड्याळ चालू आहे, ऑफर आज रात्री 12 ला संपणार असं दाखवायलंय.

---

बीड_बायपास
19 जानेवारी, रात्री 10.15

तिसऱ्याला हात लावू नका, फोनमधून काढून टाका आत्ताच.

पहिल्यासारखं मी घेतलं होतं म्हणून सांगतो. पैसे मिळतात लवकर, त्यात खोटं काही नाही. पण महिना भरला की पूर्ण रक्कम एकदम जाते आणि त्या महिन्यात घरभाडं, किराणा, गाडीचं पेट्रोल याला काहीच उरत नाही, मग परत त्याच्याकडूनच घ्यावं लागतं आणि दर वेळी प्रोसेसिंग फी नवीन. मी असं 5 महिने केलं. मूळ 12 हजाराची गरज होती, ती पहिल्याच महिन्यात भागली होती, नंतरचे चार महिने मी नुसतं आधीचं लोन फेडायला लोन घेत होतो. शेवटी बायकोच्या भावानं पैसे दिले तवा सुटलो.

---

मोंढा_लातूर
19 जानेवारी, रात्री 11.50

मी लातूरात एका बँकेच्या कर्ज विभागात 9 वर्षं आहे. तुमची पोस्ट वाचली आणि जेवण तसंच ठेवून लिहायलोय कारण तुम्ही जो प्रश्न विचारलाय तोच लोक विचारत नाहीत आणि नंतर आमच्या टेबलापुढं बसून रडतात.

टक्के बघू नका. दोनच आकडे कागदावर लिहा: खात्यात प्रत्यक्ष किती पडणार, आणि खात्यातून एकूण किती जाणार. त्याच्या शेजारी तारखा लिहा.

पहिलं घेऊ. 10 टक्के म्हणजे 1,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 270, असे 1,770 आधीच कापणार. तुमच्या हातात 13,230. मोटारीला 15 पाहिजेत, म्हणजे गरज भागतच नाही हे पहिलं. फेडायचे 18,375. फरक 5,145, तोही 30 दिवसांसाठी, म्हणजे हातात आलेल्या पैशावर महिन्याला जवळपास 39 टक्के. वर्षाच्या हिशोबानं धरलं तर 470 च्या पुढं जातं. आणि त्या महिन्याच्या 19,200 पगारातून 18,375 गेले तर उरले 825. वर बीडच्या भावानं जे सांगितलं ते इथून सुरू होतं, तो काही उधळ्या नव्हता, हिशोबच तसा बसवलेला असतो.

आता दुसरं. 2.5 टक्के फ्लॅट आहे, म्हणजे तुम्ही हप्ते फेडत गेलात तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण 15,000 वर लावणार. हातात किती येतात? 15,000 मधून 708 फी आणि 299 चा प्लान गेला की 13,993. फेडायचे 5,375 गुणिले 3, म्हणजे 16,125. हा हिशोब महिन्याला एक हप्ता धरून मांडला तर वर्षाचा खरा दर 89 टक्क्यांच्या आसपास येतो, तुम्हाला वाटलं तसा 30 नाही. त्यातही तुमचा पहिला हप्ता 17 दिवसांनीच आहे, म्हणजे खरा आकडा त्याहून वर.

आणि हप्त्याची तारीख 5, पगार 10 ला. ही गोष्ट व्याजापेक्षा मोठी आहे. 5 तारखेला खात्यात पैसे नसतील तर मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची तुम्ही दिलेली परवानगी, बाउन्स, बँक तिचा चार्ज लावणार, ॲपवाला त्याचा लावणार, आणि सिबिलला, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीला, उशिरा भरल्याची नोंद जाणार. 1 जानेवारी 2025 पासून ही माहिती निदान दर पंधरा दिवसांनी जाते, त्यामुळं लगेच उमटते. उद्या आबांचं पीक कर्ज नवंजुनं करताना तुम्हाला जामीनदार व्हायचं झालं तर हे 5,375 रुपये आडवे येतील.

घड्याळाला घाबरू नका. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कर्ज देण्याआधी केएफएस, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, द्यायलाच पाहिजे. 1 ऑक्टोबर 2024 पासून सगळ्या किरकोळ कर्जांना ते लागू आहे. त्यात एपीआर लिहिलेला असतो, सगळी फी धरून वर्षाला पडणारा दर. सात दिवस किंवा जास्त मुदतीचं कर्ज असेल तर ते केएफएस निदान तीन कामाचे दिवस वैध असतं. मग रात्री 12 ला ऑफर कशी काय संपते? ते घड्याळ तुम्ही वाचू नये म्हणून आहे. केएफएस आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागता येतं, मराठीत मागा. त्यात जी फी लिहिलेली नाही ती नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

आणखी एक, ॲप आणि कर्ज देणारा हे वेगळे असतात. ॲप बहुतेक वेळा मध्यस्थ, पैसे देते एखादी एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली कर्ज देणारी कंपनी, किंवा बँक. त्या एनबीएफसीचं नाव केएफएसमध्ये असतं, ते रिझर्व्ह बँकेच्या नोंदणीच्या यादीत आहे का बघा. जुलै 2025 पासून रिझर्व्ह बँकेच्या वेबसाइटवर कर्जाच्या ॲपची पण यादी आहे, कोणतं ॲप कोणत्या संस्थेचं हे तिथं कळतं. यादीत नाव आहे म्हणजे स्वस्त आहे असं नाही, पण नाव नसेल तर पुढं जायचंच नाही.

पहिलं वेबसाइटवरून का आहे असं वाटलं असेल तर त्याचं कारण प्ले स्टोअरचा नियम, 60 दिवसांत किंवा त्याआधी सगळं फेडायला लावणारी पर्सनल लोन ॲप तिथं चालत नाहीत. वेबसाइट आहे म्हणून लगेच बेकायदा असं मी म्हणत नाही, नोंदणी असलेल्या एनबीएफसी पण हा धंदा करतात. परदेशात याला पेडे लोन म्हणतात. ब्रिटनमध्ये 2015 पासून त्यावर कायद्यानं मर्यादा आहे, दिवसाला 0.8 टक्क्यांच्या वर फी-व्याज मिळून घेता येत नाही आणि एकूण खर्च मूळ रकमेच्या वर जाऊ शकत नाही. आपल्याकडं एनबीएफसीच्या अशा कर्जाला दराची तशी मर्यादा नाही, सगळं उघड सांगण्याची सक्ती आहे. म्हणून वाचणं आपल्यावर आलं.

---

अंबडची_ताई
20 जानेवारी, सकाळी 6.55

भाऊ, तिसऱ्याबद्दल मी लिहिते कारण माझ्यावर ते गेलंय. ॲपचं नाव आता आठवायची पण इच्छा नाही.

2022 ची गोष्ट. शिलाई मशीनचं काम चालू होतं, लग्नसराईचा कपडा उधार आणलेला, 3,000 कमी पडले. 3,000 मंजूर झाले, खात्यात आले 1,800. वर 91 दिवस लिहिलेलं, प्रत्यक्षात सातव्या दिवशी 3,000 मागितले, सहाव्या दिवसापासूनच फोन सुरू. मी सातव्या दिवशी भरले बरं का. भरले तरी म्हणाले आले नाहीत, परत भरा. दर वेळी यूपीआय नंबर वेगळा, कोणा बाईच्या नावावर, कोणा किराणा दुकानाच्या नावावर.

नवव्या दिवशी सकाळी दूध घालणारे काका दारात आले तर नेहमीसारखं मापं न काढता तसेच उभे राहिले. मग त्यांनी मोबाईल पुढं केला. त्यांच्या व्हॉट्सॲपवर माझ्या आधार कार्डाचा फोटो, खाली लिहिलेलं की ही बाई चोर आहे, आणि त्याच्या खाली माझा चेहरा लावलेला असा एक फोटो की तो मी इथं सांगू शकत नाही. माझ्या फोनमध्ये त्यांचा नंबर "दूधवाले काका" म्हणून सेव्ह होता, तसाच गेला. पोराच्या व्हॅनवाल्याला गेला, सासरच्या मामांना गेला, ज्या दुकानातून कपडा आणला त्याला गेला. काका एवढंच म्हणाले, पोरी मी डिलीट करतो, तू पोलिसात जा. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, कारण घरात सांगायची माझी हिंमतच नव्हती.

जालन्याला सायबरला जाऊन तक्रार दिली. त्याच्या आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत नंबरला, फोन केला होता, त्यांनी सांगितलं एक रुपया पण आता देऊ नका, स्क्रीनशॉट ठेवा, सगळ्या यूपीआय नंबरचे पण. पैसे देणं बंद केल्यावर आठ दिवस फार वाईट गेले आणि मग फोन थांबले. मी तोवर 3,000 चे एकूण 14,500 भरले होते.

तू परवानगी दिली नाहीस हे फार चांगलं केलंस. नुसतं ॲप काढू नको, सेटिंगमध्ये जाऊन परवानग्या पण बघ. आधार-पॅनचा फोटो दिला असशील तर सांग. आणि कोणाला लाजू नको, मी लाजले म्हणून साडेअकरा हजार जास्तीचे गेले.

---

मोंढा_लातूर
20 जानेवारी, सकाळी 8.20

ताईंनी लिहिलं ते प्रत्येकानं वाचावं. कायदेशीर ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, कॉल लॉग, गॅलरी यात हात घालायला परवानगी नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन एकदा केवायसीपुरतं, तेही विचारून. त्यामुळं कॉन्टॅक्ट मागितले की व्याज कितीही शून्य असो, तिथंच थांबायचं. वसुलीवाल्यांना पण सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही.

---

नांदेड_सराफा
20 जानेवारी, सकाळी 9.05

मी साठीचा माणूस, सराफ्यात उभं आयुष्य गेलं. पोरा, तुझ्या चौथ्या पर्यायावर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

हिशोबच करायचा तर गावातला 5 टक्केवाला या पहिल्या वेबसाइटपेक्षा स्वस्त आहे, 15 हजाराला महिन्याचे 750, आणि 15 चे 15 हातात. हे खरं आहे आणि म्हणूनच लोक अजून त्याच्याकडं जातात. पण तो व्याजावर कमावत नाही, कागदावर कमावतो. कोरा चेक आज 15 हजाराचा, उद्या त्याच्यावर दीड लाख लिहिले तर तू कोर्टात काय दाखवणार? चेक न वटल्याची केस तुझ्यावर, पुरावा तू आणायचा. आमच्या ओळखीत एकानं तीस हजारापायी दोन एकराचं खरेदीखत करून दिलं, "फेडलं की परत फिरवून देऊ" या बोलीवर. बोलीचं काय झालं ते सांगायला नको.

महाराष्ट्रात 2014 चा सावकारी कायदा आहे. परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण 12 टक्के, बाकीच्यांकडून 15 आणि 18, एवढंच घेता येतं. वर्षाला बरं का, महिन्याला नाही. चक्रवाढ नाही, आणि व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही. तुझा तो माणूस वर्षाचे 60 घेतो आणि त्याच्याकडं परवाना असणं शक्य वाटत नाही. अशा सावकारानं जमीन लिहून घेतली असेल तर 15 वर्षांच्या आतल्या व्यवहाराची तक्रार सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकाकडं देता येते आणि चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर खरेदीखत रद्द होऊन जमीन परत मिळते. ज्यांची गेली आहे त्यांनी हे ध्यानात ठेवा.

माझं म्हणणं, घरात मायचं किंवा बायकोचं काही सोनं असेल तर बँकेत ठेव. आज बँका सोन्यावर वर्षाला साधारण 9-10 टक्क्यांनी देतात. 15 हजाराला दोन महिन्याचं व्याज अडीचशेच्या आसपास, वर मूल्यांकनाची फी. सोनं विकायचं नाही, लॉकरमध्ये आहे असं समजायचं. बायका घाबरतात कारण सोनं गेलं की परत येत नाही असं त्यांनी बघितलेलं असतं, पण ते सावकाराकडं ठेवलेलं होतं. बँकेची पावती वजनासकट असते, ग्रॅम आणि मिलिग्रॅम लिहिलेलं.

आणि माय बचत गटात आहे का ते विचार. आमच्याकडं गट अंतर्गत कर्ज देतात दीड-दोन टक्के महिन्यानं, ते व्याज पण गटातच राहतं.

---

वाळूज_परभणीकर
20 जानेवारी, सकाळी 9.30

सगळ्यांचं वाचलं. एक सांगायचं राहिलं, सांगायला जीव होत नाही पण सांगतो. काल रात्री 11.20 ला मी दुसऱ्याचं घेऊन टाकलं. घड्याळ संपत आलं होतं आणि आबांचा फोन आला की शेजारच्याच्या बोअरवरून एक पाळी मिळते का बघायलो, त्यांचा आवाज ऐकून मी बटन दाबलं. खात्यात 13,993 पडले. मोंढा दादांचा रिप्लाय अर्ध्या तासानं आला. आता काय होतं का? पैसे अजून तसेच आहेत, खर्च केले नाहीत.

---

मोंढा_लातूर
20 जानेवारी, सकाळी 9.50

होतं. पैसे खर्चू नका.

डिजिटल कर्जाला कूलिंग ऑफ मुदत असते, निदान एक दिवसाची, किती ते तुमच्या केएफएसमध्ये लिहिलेलं असतं. मेलवर पीडीएफ आली असेल, ती उघडा. त्या मुदतीत मूळ रक्कम आणि जेवढे दिवस वापरले तेवढ्याचं व्याज भरून कर्जातून बाहेर पडता येतं, दंड लावता येत नाही. प्रोसेसिंग फी मात्र ते ठेवू शकतात, पण तसं केएफएसमध्ये आधीच लिहिलेलं असेल तरच.

आधी मेल करा, फोनवर बोलू नका. मेलमध्ये लोन नंबर, तारीख-वेळ, आणि "कूलिंग ऑफ मुदतीत कर्ज रद्द करत आहे, भरायची रक्कम कळवा" एवढंच. ॲपमध्ये तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि मेल असतो, त्यालाही तोच मेल लावा. पैसे भरताना ॲपमधून किंवा एनबीएफसीच्या खात्यावर, कोणी एजंट फोन करून स्वतःचा यूपीआय देत असेल तर देऊ नका. त्यांनी नाही म्हटलं किंवा 30 दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार जाते, पैसे लागत नाहीत, माहितीसाठी 14448 नंबर आहे.

तुम्ही घाबरून घेतलं यात तुमचा दोष कमी आहे, ते घड्याळ त्यासाठीच असतं. आता भराभर करा.

---

अंबडची_ताई
20 जानेवारी, सकाळी 10.05

भाऊ, मेलचा स्क्रीनशॉट काढून ठेव. आणि जेवून घे.

---

वाळूज_परभणीकर
25 जानेवारी, रात्री 8.10

काय झालं ते लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडंल.

केएफएस उघडलं तर 6 पानं, चौथ्या पानावर एपीआर लिहिलेला, 2.5 चा कुठंच पत्ता नाही, आकडा दादांनी सांगितला त्याच्याही वर. कूलिंग ऑफ तीन दिवस. 20 तारखेला मेल केला, दुपारी एका मुलीचा फोन आला, फार गोड बोलली, म्हणाली सर हप्ता कमी करून देऊ, मुदत सहा महिने करू, तुमचं लिमिट 40 हजार करते. मी म्हटलं मेलवर कळवा. 21 ला मेल आला, 15,036 भरा. माझ्याकडं 13,993 च होते, वरचे 1,043 रूममेटकडून घेतले आणि ॲपमधूनच भरले. म्हणजे फी आणि प्लानचे मिळून हजार रुपये गेले. 708 ठेवणार असं केएफएसमध्ये लिहिलेलंच होतं, तिथं काही बोलता येत नाही. 299 चा प्लान मी मागितला नव्हता म्हणून वेगळी तक्रार टाकलीय, अजून उत्तर नाही.

मोटारीचं असं झालं. ठेकेदाराच्या सुपरवायजरला विचारायला मला लाज वाटायली होती, तो नाहीच म्हणणार असं धरून बसलो होतो. विचारलं तर त्यानं वहीत लिहून 5,000 दिले, दोन पगारात कापणार, व्याज नाही. वाळूजला दीड वर्ष झालं, एकदाही विचारलं नव्हतं.

मायला फोन करून गटाचं विचारलं. ती म्हणाली मीटिंग महिन्याच्या 28 ला असते, पण तिनं अध्यक्ष बाईंना सांगितलं आणि 22 ला संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर सगळ्या बसल्या. मायनं सांगितलं की अकरापैकी नऊ जणी आल्या, वहीत ठराव लिहिला, सह्या-अंगठे झाले आणि पेटीतले व बँकेतले मिळून 10,000 दिले, दोन टक्के महिन्यानं, दहा हप्ते. पहिल्या महिन्याचं व्याज 200 रुपये. मायनं कानातलं पण काढून ठेवलं होतं बँकेत न्यायला, ते लागलं नाही.

मेकॅनिकनं 24 ला मोटार सोडली. सराफा मामा, कोऱ्या चेकवाल्याला आबांनी आधीच हो म्हटलं होतं, मी तुमचं लिहिलेलं त्यांना फोनवर वाचून दाखवलं, कायद्याचं पण, तेव्हा ते गप्प बसले आणि मग म्हणाले नको.

आता एकच विचारायचंय, ॲप डिलीट करू का? मँडेट दिलेलं आहे ना, 5 तारखेला परत कापणार नाहीत ना?

---

मोंढा_लातूर
25 जानेवारी, रात्री 9.00

लगेच डिलीट करू नका. आधी त्यांच्याकडून कर्ज बंद झाल्याचं पत्र मेलवर घ्या. मग ॲपमध्ये जाऊन माहिती वापरायची संमती काढून घ्या आणि डेटा पुसायची विनंती टाका, तो तुमचा हक्क आहे. मँडेट तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये ई-मँडेट म्हणून दिसेल, यूपीआयवरून दिलं असेल तर ऑटोपेमध्ये, तिथून रद्द करा. नाही जमलं तर शाखेत अर्ज द्या, 5 तारखेच्या निदान चार दिवस आधी. त्यानंतर ॲप काढा. फेब्रुवारीच्या शेवटी सिबिलचा रिपोर्ट काढून बघा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, तिथं हे कर्ज "क्लोज्ड" दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर ते पत्र लावून दुरुस्ती मागायची.

गटाचा पहिला हप्ता वेळेवर द्या, मायचा शब्द आहे तिथं.

---

वाळूज_परभणीकर
25 जानेवारी, रात्री 9.25

मँडेट सापडलं, ऑटोपेमध्ये होतं, रद्द केलं. पत्राचा मेल आत्ता टाकला. गटाचे पैसे दर 12 ला मायच्या खात्यावर टाकायचं ठरलंय, पगार 11 ला जरी पडला तरी जमतं.